बोरिवलीचा फोन

सकाळच्या चपात्या झाल्या की आमच्या सासूबाई बोरिवलीला फोन लावायच्या. बोरिवलीला माझी नणंद राहते. ती शाळेत शिकवते आणि स्वभावाने इतकी सौम्य आहे, की ती याच घरात वाढली यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. फोनची जागा ठरलेली होती. स्वयंपाकघराचा उंबरठा, म्हणजे आमच्या बेडरूमच्या बरोबर समोर. आवाज असा, की तो घाटकोपरहून बोरिवलीला फोनशिवायसुद्धा पोचला असता.

"अगो, काय सांगू तुका," अशी सुरुवात व्हायची आणि मग नणंदेला जगातल्या सुनांविषयी माहिती पुरवली जायची. काही घरांतल्या सुना ओला टॉवेल पलंगावर टाकत नाहीत म्हणे. काही सुनांना आमटीत कोकम घालायचं सुचतं, काहींना टोमॅटो. त्या वेळी मी बेडरूममध्ये, ओल्या टॉवेलशेजारी बसून, लॅपटॉपवर काम करत असायची. माझं एकदाही नाव निघायचं नाही. सगळं लेकीला सांगितलेलं असायचं आणि सगळं मला लागायचं.

लेकी बोले सुने लागे, असं आपल्याकडे म्हणतात. मी ज्या शाखेत शिकले तिथे याला क्रॉसटॉक म्हणतात, आणि तो थांबवायचा मला पगार मिळतो.

अंधेरीच्या एमआयडीसीत, फरसाणच्या एका गाळ्याला लागून आमची छोटी कंपनी आहे. आम्ही क्वांटम कॉम्प्युटर बनवत नाही. तो बनवणाऱ्यांना लागणारी कंट्रोलची यंत्रं बनवतो. नखाएवढी चिप असते, तिच्यावर धातूची बारीक सर्किटं असतात, त्यांना क्यूबिट म्हणायचं. ती चिप एका प्रचंड फ्रीजच्या तळाशी टांगलेली असते. तिथली थंडी अवकाशातल्या थंडीला लाजवणारी, कारण जरा ऊब लागली की क्यूबिट जे काही धरून बसलेलं असतं ते सोडून देतं. त्याच्याशी बोलायचं तर बाहेरून, लांबलचक केबलमधून, मायक्रोवेव्हचा एक क्षणभराचा झटका पाठवून. झटका नेमका बसला तर क्यूबिट खालचं वर होतं. जास्त झाला तर पुढे निघून जातं, कमी पडला तर अर्ध्यात लोंबकळतं. तो झटका घडवणारी पेटी आमची. माझं पद कंट्रोल इंजिनियर.

हे पद लग्नाच्या वेळी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. त्यांचं सगळं तरुणपण गिरणगावातल्या चाळीत, कंट्रोलचे तांदूळ आणि कंट्रोलची साखर यांत गेलेलं. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, दुसरं काय असणार? त्यांनी सोसायटीत सांगून टाकलं, सून कंट्रोलात आहे. पहिल्याच आठवड्यात तळमजल्याच्या काकू रेशनकार्डात नातवाचं नाव चढवायला माझ्याकडे आल्या. मी त्यांना क्यूबिट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि जाताना म्हणाल्या, करायचं नसेल तर नाही म्हणावं, एवढं फिरवून बोलू नये.

कंट्रोल हा शब्द मला आणखी एका कारणाने टोचतो. माझा राग नाकावर असतो. शाळेत असल्यापासून लोक मला कंट्रोल कर, कंट्रोल कर म्हणत आले आहेत. राग माझ्या आईकडून आला. माझ्या लग्नात ती आणि सासूबाई, दोन विहिणी, आहेराच्या साडीच्या रंगावरून अशा भांडल्या की भटजींनी मंत्र थांबवून ऐकलं. त्यानंतर दोघींची गट्टी जमली. दोघी मिळून घाटकोपरच्या बाजारात हिंडायच्या आणि तिथल्या दुकानदारांशी भांडायच्या. आई आजारी पडली तेव्हा तिला शेवटची पेज सासूबाईंनीच भरवली. आई जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या तोंडावर मला रागावणारं कुणी राहिलं नाही. सासूबाई रागावतात, पण बोरिवलीमार्गे.

तर क्रॉसटॉक. प्रत्येक क्यूबिटची हार्मोनियमच्या सुरासारखी स्वतःची एक पट्टी असते. त्या पट्टीत बोललं तरच ते ऐकतं. पण चिपवर सगळी दाटीवाटीने बसलेली, त्यामुळे एकीला सांगितलेलं शेजारणीलाही थोडं ऐकू जातं आणि ती उगाच हलते. यावर उपाय असा की एकीशी बोलताना त्याच क्षणी शेजारणीला उलटा सूर पाठवायचा. गळून आलेला आवाज आणि उलटा सूर एकमेकांना खातात, तिला काहीच ऐकू येत नाही. ही खोडायची सोय मी केली होती आणि तिचा मला गर्व होता.

पेट्या तपासायला आमच्याकडे असा एक फ्रीज आणि चिप होती; त्या चिपवर दोन क्यूबिट शेजारी होती. कंपनीने त्यांना लांबलचक आकडे दिले होते; मी त्यांना लेक आणि सून म्हणायची. कारण त्या दोघींना जोडायची जी क्रिया आहे ती ऐकून कुठल्याही मराठी बाईला हसू येईल. लेकीच्या तारेवर बोलायचं, पण सुनेच्या पट्टीत. लेक ढिम्म राहते. सून मात्र वळते, आणि कुठे वळते ते लेकीची अवस्था काय आहे त्यावर ठरतं. हे नीट जमलं की दोघी एकमेकींत अशा गुंततात की पुढे एकीबद्दल वेगळं काही बोलताच येत नाही. जगभरातले थोर लोक यावर निबंध लिहितात. आमच्याकडे हे पिढ्यान्पिढ्या सकाळी चपात्यांनंतर चालतं.

आमचे संस्थापक मूळचे पुण्याचे, मधली बरीच वर्षं अमेरिकेत काढून आलेले. त्यांना प्रत्येक गोष्टीत व्हिजन दिसतं. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की पैसे घालणारे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर ही दोघींची क्रिया चोख झाली तर फ्रीज अंधेरीतच राहील. नाही झाली तर फ्रीज आणि आपण सगळे बंगळूरला, कारण तिथे इकोसिस्टम आहे. इकोसिस्टम म्हणजे काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिथे सगळे एकमेकांना कॉफी प्यायला भेटतात. आमच्याकडे फरसाणवाला फुकट शेव देतो, हे त्यांनी जमेस धरलं नाही.

घरी हे मी नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा हा माणूस एरवी सोफ्यावर, भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर तळाच्या अवस्थेत असतो. त्याचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं. तो मला म्हणाला, जाऊया ना, झकास हवा आहे तिकडची. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाला, कुठे जातोय आपण, काहीतरीच. तो खोटं बोलत नव्हता. तो दोन्हीकडे होता. ज्याने शेवटचं विचारलं त्याच्या बाजूला तो पडायचा.

म्हणजे सासूबाईंना कळलं. गेलो तर त्यांचं काय, हा प्रश्न घरात येऊन बसला. त्या बंगळूरला येणार नाहीत हे उघड होतं. गिरणगाव आणि घाटकोपर सोडलं तर त्यांना फक्त कोकण माहीत. मग राहिली बोरिवली. या वयात लेकीच्या दारी, जावयाच्या घरात, आमच्या पंतनगरची सगळी माणसं सोडून. मला वाटलं होतं आता घरात रणकंदन होईल. पण त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घराची रीतच आहे. फक्त बोरिवलीचा फोन लांबला आणि त्याचा आवाज वाढला.

मला तर सकाळीच घरून चिपचं ट्यूनिंग करायला लागायचं. क्यूबिट रोज थोडी बेसूर होतात, त्यांना रोज सुरात आणावं लागतं. त्यात हा फोन. मी आवाज खाणारे हेडफोन आणले. तेही बाहेरचा आवाज ऐकून उलटा आवाज कानात सोडतात. ऑफिसात जे करते तेच घरी, असं मी नवऱ्याला अभिमानाने सांगितलं. उंबरठ्यावर सासूबाईंचं तोंड हलताना दिसायचं, हात हवेत जायचा, आणि माझ्या कानात संपूर्ण शांतता.

इकडे ऑफिसात लेक-सून काही जमेना. लेकीला सांगावं, तर सून भलतीकडे वळे. रोज ट्यूनिंग करावं, आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी. मी फ्रीजवर ओरडले. संस्थापकांवर ओरडले, ते म्हणाले पॅशन आवडली. माझ्या टेबलाशेजारी एक मैत्रीण बसते, माझ्याच वयाची, मूळची अकोल्याची, आता चेंबूरला राहणारी. तिला राग येतच नाही, आणि त्याचाही मला राग येतो. ती म्हणाली, एकेक गोष्ट बंद करत जाऊ. आम्ही एकेक बंद करत गेलो, कंटाळवाणं काम. मग तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"अगं, तू सुनेला दोनदा गप्प करतेयस."

ते खरं होतं. सुनेला नको तेवढं ऐकू जाऊ नये म्हणून तिला किती गप्प करायचं, याचं माप या क्रियेतच ठरलेलं असतं. वरून माझी ती गर्वाची खोडायची सोय, हा सगळा क्रॉसटॉकच आहे असं समजून, तिला पुन्हा उलटा सूर पाठवत होती. जे मुद्दाम सांगायचं होतं ते मीच बिघडवत होते. त्या जोडीपुरती ती सोय बंद केली आणि सून शहाण्यासारखी वळायला लागली. हे तेव्हाच मला घरावरून सुचलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण तेव्हा मला काहीही सुचलं नाही. आम्ही फरसाण खाल्लं आणि घरी गेलो.

पाहुणे यायच्या आधीची सकाळ. मी हेडफोन लावून बसलेली, उंबरठ्यावर सासूबाई फोन कानाला लावून बोलतायत. माझ्या फोनचा उजेड पडला. नणंद. मी हेडफोनमधूनच घेतला. तिने आधी माझी चौकशी केली, मग भीत भीत विचारलं, आईची तब्येत बरी आहे ना?

मी दबक्या आवाजात म्हटलं, म्हणजे काय, तू आत्ता बोलतेयस ना त्यांच्याशी?

ती म्हणाली, छे गं, सकाळी माझी शाळा असते, मी कधी बोलणार? आज सुट्टी म्हणून केला. आई फक्त रविवारी बोलते, आणि हल्ली रविवारीही उचलत नाही.

माझ्यासमोर तिची आई तिच्याशीच बोलत होती. हात हवेत गेला, खाली आला. मी नणंदेला नंतर करते म्हटलं. हेडफोन कानावरच ठेवले, फक्त त्यांचं बटण बंद केलं. लॅपटॉपकडे बघत राहिले आणि कितीतरी दिवसांनी ऐकलं.

"नाय गो," सासूबाई सांगत होत्या. "माका बंगळूर नको नि बोरिवली पण नको. तुझ्या घरात सगळी हळू बोलतत. हय कसा, सकाळी ही एकदा ओरडली काय माका कळता, घर जागा झाला." मग त्या थांबल्या. समोरचा माणूस जेवढा वेळ बोलेल तेवढा वेळ थांबल्या, मध्ये हूं, हूं म्हणाल्या. फोन कानापासून जरा सुटला होता, पण पडदा उजळला नाही, काळाच राहिला; कुणाचाही कॉल नव्हता. "आता तिका सांगू कसा? नोकरी मोठी तिची. आपण अडवला तर म्हणतली, सासू आडवी इली. नाय, नाय, तुझा चुकता. ती वायट नाय."

बंद फोनमध्ये त्या लेकीशी वाद घालत होत्या आणि माझी बाजू घेत होत्या.

मला आधी राग आला. किती दिवस हे चाललंय, मी काय वाघ आहे का, समोर येऊन बोलता येत नाही? मग रडू आलं, आणि रडू आलं याचा परत राग आला. बोरिवलीला काहीच जात नव्हतं. ते टॉवेल, ते कोकम, सगळं फक्त माझ्या पट्टीत होतं. आणि एवढं सांगायची वेळ आली तेव्हा मी कानात उलटा सूर सोडून बसले होते. मला मैत्रिणीचं वाक्य आठवलं. घरातही मी दुसऱ्यांदा गप्प करत होते. पहिल्यांदा माझ्या रागानेच केलं होतं.

मी उठले. टॉवेल उचलून वाळत घातला. सासूबाईंनी फोन कानावरून काढून बघितलं आणि आत गेल्या.

पाहुणे आले. फ्रीज थंड असताना त्याचं झाकण लावलेलं असतं, तो बाहेरून पाण्याच्या पांढऱ्या टाकीसारखा दिसतो, त्यामुळे त्यांचा विरस झाला. संस्थापकांना हे माहीत होतं. फ्रीजच्या आतला सोनेरी सांगाडा झुंबरासारखा दिसतो; त्या झुंबराचा माणसाएवढा कटआउट त्यांनी छापून आणला होता. पाहुण्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. मग संस्थापकांनी पडद्यावर दाखवलं, लेक-सून आर्किटेक्चर, प्राचीन मराठी शहाणपणावर आधारित. मी सून वळवून दाखवली. ती चोख वळली. पडद्यावर दोन ठिपके जिथे यायचे तिथे आले, माझी मैत्रीण आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवरून उठली. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, यातून शेअर बाजार कळेल का?

संध्याकाळी संस्थापकांनी पुन्हा सगळ्यांना उभं केलं. मी घरी काय सांगायचं ते मनात जुळवत होते. ते म्हणाले, अभिनंदन, पाहुणे खूश आहेत. इतके खूश आहेत, की आता हे मोठं करायचं. म्हणून फ्रीज बंगळूरला.

मी विचारलं, जमलं तर इथेच राहणार होता ना? ते म्हणाले, ते नुसतं जमलं तर. हे फारच चांगलं जमलं.

वाट लागली, असं मी मोठ्याने म्हटलं. कुणी कंट्रोल कर म्हणालं नाही.

पेट्या बनवायचं काम मात्र अंधेरीतच राहणार होतं, कारण गाळ्याचा करार मोडता येत नव्हता. पेट्या बघायला आणि बंगळूरच्या फ्रीजशी इथून तारेवरून बोलायला एक माणूस लागणार होता. त्यात ना झुंबर, ना पाहुणे. कुणीच हात वर केला नाही. मी केला. संस्थापक मला बाजूला घेऊन म्हणाले, करिअरचा विचार कर. मैत्रिणीने बंगळूर घेतलं. तिला तिथला फ्रीज मिळाला याचा मला हेवा वाटला आणि अजून वाटतो, ते लपवत नाही. मला त्या थंड टाकीशेजारी उभं राहायला आवडायचं. पण ज्याच्याशी बोलायचं ते कायम दुसऱ्या खोलीत असतं, ही माझ्या कामाची पद्धतच आहे. त्या खोलीचं गाव बदललं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपात्या चालल्या होत्या. नवरा सोफ्यावर होता. त्याला मी अजून काही सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं की ते घरभर दोन्ही बाजूंनी पसरतं. मी बेडरूमच्या दारात उभी राहिले. सासूबाई स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या. सरळ जाऊन सांगावं असं मनात होतं. पण तोंड उघडलं की माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते राहून जातं. मी माझा फोन कानाला लावला. नंबर कुणाचाच लावला नव्हता.

"हॅलो, आई," मी म्हटलं.

नवऱ्याने मान वर केली. आत लाटणं थांबलं.

"अगं, फ्रीज चाललाय बंगळूरला. मी नाही जात. नाही, कुणी अडवलं नाही मला, उलट कुणी काही बोललंच नाही. मी इथेच राहणार, आमच्या सासूबाईही इथेच राहणार." माझा आवाज चढला होता, खालच्या काकूंनाही ऐकू गेलं असेल. "आणि त्यांना म्हणावं, आमटीत टोमॅटो मी घालणारच."

मग आईने काही म्हणावं एवढा वेळ मी फोन तसाच धरून उभी राहिले. आत तव्यावरची चपाती करपल्याचा वास आला. कुणी ती उलटली नाही.

सासूबाईंनी गॅस बंद केला. त्या वळल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि नेहमीच्या मानाने अगदी हळू बोलल्या.

"तुझ्या आवशीक माजो नमस्कार सांग."

सांगते आईला, असं मी म्हटलं आणि फोन खाली ठेवला.